इलेक्ट्रिक गिटारच्या पोटातली कामं: पिकअप, पॉट, जॅक बदलण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या माझ्या टेबलावर बरीच वर्षं इलेक्ट्रिक गिटारी उघडल्या जातायत. येणाऱ्या बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: "पिकअप बदलून द्या." उघडून पाहावं तर पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडून विजेचा सिग्नल बनवणारा चुंबकाचा भाग, ठणठणीत आणि दोष जॅकवरच्या, म्हणजे केबल खोचायच्या भोकावरच्या, सोल्डरच्या एका सुटलेल्या टाक्यात. भाग बदलायला माझी ना नाही, मला स्वतःला ते काम मनापासून आवडतं. पण आधी मोजायचं आणि मग बदलायचं, हा क्रम पाळला तर पैसेही वाचतात आणि गिटारही. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय.

स्वस्तातली गिटार आहे. पिकअप बदलला की आवाज सुधारेल का?

सुधारू शकतो. पण नवा पिकअप घेण्याआधी आहे त्या पिकअपची उंची बदलून पाहा. फुकटचं काम आहे आणि एका स्क्रू ड्रायव्हरवर होतं. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या खांबापर्यंतचं (प्रत्येक तारेखाली दिसणाऱ्या धातूच्या गोल टोकापर्यंतचं) अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइलसाठी (एकाच गुंडाळीचा पिकअप) फेंडर कंपनी जाड तारेकडे २.४ आणि बारीक तारेकडे २ मिलिमीटर सुचवते. गिब्सन कंपनीच्या हंबकरला (दोन गुंडाळ्यांचा पिकअप) नेककडे, म्हणजे मानेच्या बाजूला, २.४ आणि ब्रिजकडे, म्हणजे अंगावर तारा अडकतात त्या बाजूला, १.६ मिलिमीटरपासून सुरुवात करतात. तिथून पुढे स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत कानाने ठरवायचं.

नेककडचा सिंगल कॉइल फार वर आला असेल तर त्यातली चुंबकं तारच ओढून धरतात. मग सहाव्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या पुढे सूर डोलतो, ट्यूनरचा काटा एका जागी थांबत नाही, आणि माणूस बिचारा ब्रिजवर इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरचा सूर, जुळवत बसतो. पिकअप थोडा खाली घेतला की तीच गिटार सरळ वागायला लागते. असं किती तरी वेळा पाहिलंय.

उंची जुळवूनही आवाज बोदा किंवा कर्कश वाटत असेल, तर मग पॉट (नॉबखालचा, फिरवून रोध कमी-जास्त करणारा भाग), कपॅसिटर (टोनच्या नॉबला जोडलेला, वरचे सूर कापणारा भाग) आणि शेवटी पिकअप बदलायचा.

गिटार न उघडता दोष कुठे आहे ते कळेल का?

बऱ्यापैकी कळतं. गिटारला चांगली केबल लावा, तिचं दुसरं टोक मोकळं ठेवा. मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवून एक प्रोब प्लगच्या टोकाला आणि दुसरा मागच्या दांडीला लावा. व्हॉल्यूम पूर्ण उघडा ठेवा. आता स्विच एकेका पिकअपवर नेऊन आकडे लिहून घ्या.

सिंगल कॉइल असेल तर साधारण ५.५ ते ७ किलोओहम दिसतं, साध्या हंबकरला ७ ते ९, जोरकस हंबकरला त्याहून बरंच जास्त. दोन पिकअप एकत्र चालू असताना आकडा जवळपास निम्म्यावर येतो, ते बरोबरच आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर मोठ्या रेंजवर न्या. तिथे २५० किंवा ५०० किलोओहमच्या आसपास आकडा आला, तर मीटरला नुसता व्हॉल्यूमचा पॉट दिसतोय, म्हणजे त्या पिकअपची तार किंवा त्याची वायर कुठेतरी तुटली आहे. शून्य आलं तर काहीतरी शॉर्ट आहे. कुठल्याच रेंजवर काही नाही, म्हणजे जॅक किंवा जॅकची वायर. बॅटरीवर चालणाऱ्या ॲक्टिव्ह पिकअपना ही परीक्षा लागू नाही.

हे आकडे एका वहीत लिहून ठेवा. दोन वर्षांनी गिटार बिघडली की ती वही देवासारखी धावून येते.

वायर हलवली की आवाज जातो-येतो. काय करू?

आधी दुसरी केबल लावून पाहा. तरीही तेच असेल तर दोष जॅकमध्ये आहे आणि तो बहुतेक वेळा एकाच पद्धतीने होतो. जॅकचा नट सैल पडतो. प्लग घालताना-काढताना अख्खा जॅक आत फिरतो. त्याच्या पाठीला सोल्डर केलेल्या दोन वायरी दोरीसारख्या पिळल्या जातात आणि एक दिवस एक टाका निखळतो. बाहेरून पाना लावून नट नुसता आवळला तर जॅक आणखी फिरतो आणि उरलेली वायरही तुटते. त्यामुळे प्लेट काढा, आतून जॅक बोटांनी घट्ट धरा आणि मग नट आवळा. नटाखाली दातेरी वॉशर असेल तर तो फेकू नका, जॅक फिरू न देणं हेच त्याचं काम आहे.

प्लेट उघडलीच आहे तर प्लग आत घालून निरखून पाहा. वाकडी पत्ती प्लगच्या टोकावरच्या खाचेत नीट बसली पाहिजे. ती दमून मागे गेली असेल तर बोटाने किंचित आत दाबा. पत्ती आणि प्लगचं टोक काळपट पडलं असेल तर कापडाला थोडं कॉन्टॅक्ट क्लीनर लावून पुसा. किनारपट्टीवरच्या गिटारींमध्ये, रत्नागिरी असो की पणजी, पावसाळ्यानंतर हा काळा थर हमखास सापडतो.

जॅक बदलायचाच झाला तर चांगल्या पोलादी पत्तीचा, उघड्या बांधणीचा घ्या. गिटारमधला सर्वांत जास्त झिजणारा भाग तोच आहे आणि किंमत मात्र सर्वांत कमी.

नॉब फिरवला की खरखर होते. पॉट बदलू का?

आधी साफ करा. इलेक्ट्रॉनिक्सचं कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतं, त्याची बारीक नळी पॉटच्या पायांच्या वरच्या फटीत घालून एक छोटा फवारा मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. गंज सोडवायचा घरगुती स्प्रे वापरू नका. तो तेल मागे ठेवतो, धूळ धरून बसतो. साफ करूनही महिन्याभरात खरखर परत आली तर आतली कार्बनची पट्टी झिजली आहे, मग बदला.

२५० के घ्यायचा की ५०० के?

के म्हणजे किलोओहम. सिंगल कॉइलला २५० के आणि हंबकरला ५०० के, ही रूढ जोडी. फेंडरच्या जॅझमास्टरमध्ये तर १ मेगओहमचे पॉट आहेत. पॉट पूर्ण उघडा असला तरी त्याचा भार पिकअपवर असतोच. पिकअप, त्याची गुंडाळी आणि केबल मिळून वरच्या सुरांत एक उंचवटा तयार होतो. गिटारचा आवाज "चमकतो" असं आपण म्हणतो तो हा उंचवटा. पॉटचा आकडा लहान तितका तो दबतो. म्हणून मुळातच चमकदार सिंगल कॉइलला २५० के गोड वाटतो आणि जाडसर हंबकरला ५०० के मोकळा वाटतो.

गिटारमध्ये दोन सिंगल कॉइल आणि ब्रिजला हंबकर असेल तर काय? मी ५०० के लावतो आणि सिंगल कॉइलच्या बाजूला ४७० किलोओहमचा एक रेझिस्टर स्विचवरून ग्राउंडला जोडतो. दोन्ही समांतर मिळून साधारण २४२ होतात, आणि हंबकरला मात्र पूर्ण ५०० मिळतात. काही पैशांचा रेझिस्टर आहे, पण ब्रिजकडून नेककडे येताना कानाला जो धक्का बसतो तो जातो.

पॉटवर ए आणि बी लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काय?

ए म्हणजे ऑडिओ, आपल्या बाजारात "लॉग" म्हणतात. बी म्हणजे लिनिअर. लॉग पॉट अर्ध्यावर फिरवला तर रोध साधारण दहा-पंधरा टक्क्यांवरच असतो, लिनिअर असेल तर पन्नासवर. आपला कान आवाज ज्या हिशोबाने ऐकतो त्याला लॉग जवळचा, म्हणून व्हॉल्यूमला मी लॉगच लावतो. लिनिअर लावला तर दहापासून तीनपर्यंत फारसं काही होत नाही आणि मग आवाज एकदम पडतो. टोनला काही जण लिनिअर पसंत करतात, तो आवडीचा भाग.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवारातल्या तपकीर गल्लीत पॉट घेत असाल तर मल्टिमीटर बरोबर न्या. स्वस्त पॉट छापील आकड्यापेक्षा वीस टक्के इकडेतिकडे असू शकतो. "५०० के" लिहिलेला ४१० चा निघाला तर तो दोष नाही, पण पाचांतून ५२० चा निवडून घेता आला तर का घेऊ नये?

नवा पॉट भोकात बसत नाही, जुना नॉबही लागत नाही.

अमेरिकन धाटणीच्या सीटीएस कंपनीच्या पॉटला साडेनऊ मिलिमीटरचं भोक लागतं आणि त्याच्या दांड्यावर २४ दाते असतात. आशियाई गिटारींमध्ये सहसा छोटे पॉट आणि १८ दाते. नॉब दाबून बसवायला जाल तर दांडा दुभंगतो. भोक मोठं करायचं असेल तर लाकडाला ड्रिल थेट लावू नका, रंगाचा पापुद्रा उडतो. निमुळती गोल कानस घेऊन हाताने, वरून खाली, थोडं थोडं वाढवा. पुश-पुल पॉट (नॉब वर ओढला की स्विचचंही काम करणारा) घेताना पोकळीची खोली मोजा. पातळ अंगाच्या गिटारीत तो उंचीला मावत नाही आणि मागचं झाकण फुगून राहतं.

महागडा कपॅसिटर घेतला तर आवाज बदलतो का?

किंमत बदलली म्हणून नाही, मूल्य, म्हणजे त्याचा मायक्रोफॅरडचा आकडा, बदललं तर बदलतो. गिटारच्या पोटात मिलिव्होल्टांचा खेळ असतो. तिथे पॉलिएस्टरचा दोन-पाच रुपयांचा कपॅसिटर आणि तेलात बुडवलेल्या कागदाचा महागडा कपॅसिटर सारख्याच मूल्याचे असतील तर मला तरी फरक ऐकू आलेला नाही. टोन दहावर असताना तर मूल्याचाही फारसा परिणाम होत नाही, कारण मध्ये अख्खा पॉट उभा असतो.

सिंगल कॉइलला ०.०४७ आणि हंबकरला ०.०२२ मायक्रोफॅरड हे रूढ आकडे. अंगावर ४७३ आणि २२३ असं छापलेलं असतं. फेंडरच्या सुरुवातीच्या गिटारींत ०.१ सुद्धा असायचा, तिथे टोन बंद केला की आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो.

स्वतः ठरवायचं असेल तर एक सोपी युक्ती. जुना कपॅसिटर काढून त्या दोन जागी दोन वायरी जोडा, त्या पिकगार्डखालून (गिटारच्या पुढच्या प्लास्टिकच्या पत्र्याखालून) बाहेर घ्या आणि टोकांना मगरीच्या जबड्याच्या क्लिपा लावा. आता ०.०१ पासून ०.१ पर्यंत पाच-सहा कपॅसिटर एकामागून एक अडकवा, टोन चारवर ठेवा आणि वाजवा. माझ्याकडे एक शाळकरी मुलगी आली होती, तिने असं ऐकून स्वतःच्या स्ट्रॅटसाठी (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर) ०.०१५ निवडला. मी सुचवला नसता, पण तिच्या हातात तो शोभतो.

व्हॉल्यूम कमी केला की आवाज मंद आणि बोदा होतो.

व्हॉल्यूम उतरवला की पॉटचा रोध आणि केबलची धारकता (वीज साठवायची क्षमता) मिळून वरचे सूर गिळतात. सहा मीटर केबलची धारकता सहाशे पिकोफॅरडच्या आसपास सहज असते. दोन उपाय आहेत. पहिला, व्हॉल्यूमच्या पहिल्या आणि मधल्या पायामध्ये १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, अंगावर १०२ लिहिलेला, आणि त्याला समांतर १५० किलोओहमचा रेझिस्टर. याला ट्रेबल ब्लीड म्हणतात. नुसता कपॅसिटर लावला तर आवाज कमी केल्यावर पातळ आणि टोचरा होतो, म्हणून रेझिस्टर वगळू नका.

दुसरा उपाय पन्नासच्या दशकातल्या गिब्सनची जोडणी. टोनची वायर व्हॉल्यूमच्या पहिल्या पायावरून काढून मधल्या पायाला लावायची. एकही नवा भाग लागत नाही. मात्र मग टोन फिरवला की व्हॉल्यूमही थोडा हलतो. मला स्वतःला हीच जोडणी आवडते, हंबकरवर विशेषतः.

गिटार घरघर करते. तांब्याची पट्टी लावली की थांबेल का?

कोणती घरघर आहे त्यावर अवलंबून. ॲम्प चालू ठेवून गिटार गळ्यात घ्या आणि खोलीत उभ्या जागी हळूहळू स्वतःभोवती फिरा. एखाद्या दिशेला आवाज जवळजवळ नाहीसा होत असेल, तर ती ५० हर्ट्झची चुंबकीय गुणगुण. ती सिंगल कॉइलच्या स्वभावातच आहे आणि तांब्याच्या पट्टीने जात नाही. सेठ लव्हर यांनी गिब्सनसाठी उलट गुंडाळीच्या दोन कॉइल जोडून हंबकर बनवला तो यावरच उपाय म्हणून. त्याच्या पेटंटचा अर्ज १९५५ चा आणि मंजुरी १९५९ ची.

दिशा बदलूनही फरक पडत नसेल आणि आवाज चरचरीत असेल, तर तो ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर, मोबाइलचा चार्जर यांचा. दिवे गेल्यावर साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हा आवाज किती चढतो ते सगळ्यांनी ऐकलं असेल. इथे शिल्डिंगचा, म्हणजे पोकळीला आतून तांब्याची पट्टी लावण्याचा, खरा उपयोग होतो.

पट्टी वाहक गोंदाची घ्या, कडा एकमेकींवर चढवा आणि मल्टिमीटरने प्रत्येक तुकडा दुसऱ्याला जोडलाय ना ते तपासा. सगळ्या पट्ट्यांना मिळून ग्राउंडची एक वायर द्या. आणि जॅकच्या पोकळीत एक गोष्ट विसरू नका: प्लग आत गेला की पत्ती बाहेर फाकते आणि मागच्या तांब्याला टेकते. तेवढ्या जागी इन्सुलेशन टेप लावा. शिल्डिंग केल्यावर गिटार मुकी झाली असा निरोप आला की मी आधी तिथेच बघायला सांगतो.

तारांना हात लावला की घरघर कमी होते. म्हणजे अर्थिंग बिघडलंय का?

उलट, ब्रिजची ग्राउंड वायर शाबूत आहे. तुमचं शरीर आजूबाजूचा गोंगाट गोळा करत असतं, तारेला हात लागला की ते ग्राउंडला जोडलं जातं. हात लावल्यावर काहीच फरक पडत नसेल तर ती वायर तपासा. ट्रेमोलो (दांडीने हलणारा ब्रिज) असलेल्या गिटारीत ती मागच्या स्प्रिंग अडकवलेल्या पत्र्यावर असते.

तारेला हात लावला की झिणझिण्या येतात.

वाजवणं तिथेच थांबवा. गिटारच्या सर्किटमधून शॉक बसत नाही, तो येतो ॲम्पमधून किंवा त्या जागेच्या वायरिंगमधून, आणि तारा ग्राउंडला जोडलेल्या असल्यामुळे थेट तुमच्या बोटापर्यंत पोहोचतो. प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून दोन पिनांवर चालवलेला ॲम्प, जुन्या वाड्यातला अर्थ नसलेला सॉकेट, मांडवात लांबून ओढलेली दोन तारी वायर: या तिन्ही जागी मी हा प्रकार पाहिलाय. सर्वांत वाईट म्हणजे एक हात तारेवर आणि ओठ माइकला. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी शहरात स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी भर मंचावर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावल्याने गेला.

गणपतीच्या किंवा लग्नाच्या कार्यक्रमात मंचावर चढल्याबरोबर मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक प्रोब तारेला आणि दुसरा माइकच्या जाळीला लावा. काही व्होल्टांच्या वर आकडा दिसला तर मांडववाल्याला बोलवा, कितीही घाई असली तरी. लाजू नका.

सोल्डरिंग कधी केलेलं नाही. जमेल का?

जमेल, पण पहिला टाका गिटारवर घालू नका. एक जुना रेडिओ किंवा बिघडलेला पॉट घेऊन संध्याकाळभर सराव करा. पायांच्या टाक्यांना २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री पुरते, पॉटच्या पाठीला आणि स्प्रिंगच्या पत्र्याला मात्र ४० ते ६० वॅट आणि रुंद टोक लागतं. कमी ताकदीची इस्त्री लावली तर माणूस अर्धा मिनिट दाबून बसतो आणि तेवढ्यात उष्णता आतली कार्बनची पट्टी जाळते.

पॉटच्या पाठीचं काम असं करा. पॉलिश पेपरने नखाएवढी जागा घासून चकचकीत करा. इस्त्रीच्या टोकाला किंचित सोल्डर लावून ते त्या जागी टेकवा, दोन सेकंद थांबा, मग सोल्डरची तार इस्त्रीला न लावता पत्र्याला लावा. पत्रा तापला असेल तर सोल्डर पाण्यासारखं पसरतं आणि कडेला पातळ होत जातं. गोळी होऊन बसलं तर ते चिकटलेलं नाही, नखाने उचकटेल. आता आधीच सोल्डर पाजलेली वायर त्यात बुडवा, इस्त्री उचला, आणि टाका निवेपर्यंत वायर हलवू नका. चकाकी मावळून रंग किंचित बदलतो तो क्षण डोळ्यांना दिसतो.

६०/४० चं (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं), आत राळ असलेलं सोल्डर वापरा. नळ जोडायचा ॲसिडचा फ्लक्स कधीही नको, तो पुढे तांबं खात राहतो. खिडकी उघडी ठेवा, आणि सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून काम झालं की जेवायच्या आधी हात साबणाने धुवा. गिटारवर जुनं कापड पसरून तिचा रंग झाकायलाही विसरू नका, एक थेंब पुरतो.

आणि सर्वांत आधी मोबाइलवर फोटो काढा. दोन-तीन बाजूंनी, वायरींचे रंग दिसतील असे.

पिकअप निवडताना काय बघू? जास्त किलोओहम म्हणजे जास्त दमदार ना?

तसं सरळ नाही. रोध तारेच्या जाडीवरही अवलंबून असतो. ४२ गेजची तार साधारण ०.०६३ मिलिमीटरची, म्हणजे केसासारखी. ४३ गेजची त्याहून बारीक, त्यामुळे तेवढ्याच फेऱ्यांना आकडा जास्त येतो. फेंडरच्या टेलिकास्टर गिटारीच्या नेककडच्या जुन्या पिकअपमध्ये ती असते. एकाच कंपनीचे, एकाच जातीचे दोन पिकअप असतील तरच आकड्यांची तुलना करा.

तुमच्या गिटारमधला सिंगल कॉइल उलटा करून पाहा. खाली काळपट चपटी पट्टी चिकटवलेली असेल तर तो सिरॅमिक चुंबकाचा. प्रत्येक खांब स्वतःच चुंबक असेल तर अल्निको (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्टचा मिश्रधातू). सिरॅमिक वाईट असतो असं मुळीच नाही, पण स्वस्त गिटारीतला तो फटकळ वाजतो आणि अल्निकोवर गेलात की फरक पहिल्याच स्वरात जाणवतो. खरेदीआधी पहिल्या आणि सहाव्या खांबामधलं अंतर मोजा. गिटारीगणिक ते ४९ ते ५३ मिलिमीटरच्या दरम्यान बदलतं आणि कडेची तार खांबावरून घसरलेली असेल तर तिचा आवाज दुबळा पडतो.

हंबकरला पाच वायरी आहेत. कुठली कुठे?

आधी कंपनी बघा, कारण रंगांना एकच नियम नाही. सेमूर डंकनमध्ये काळी सिग्नलची, हिरवी आणि उघडी ग्राउंडला, लाल-पांढरी एकमेकींना जोडायच्या. डिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची, हिरवी आणि उघडी ग्राउंडला, काळी-पांढरी एकमेकींना. एकाचा नकाशा दुसऱ्याला लावला तर आवाज अर्धवट येतो किंवा येतच नाही.

एकमेकींना जोडलेली ती जोडी पुश-पुल पॉटवरून ग्राउंडला नेली की एक कॉइल बंद होते. त्यालाच कॉइल स्प्लिट म्हणतात. आवाज पातळ होतो, जोरही उतरतो आणि गुणगुण परत येते. स्ट्रॅट मिळेल या आशेने करू नका, एक वेगळा तिसरा रंग म्हणून करा.

दोन पिकअप एकत्र केले की आवाज एकदम पोकळ आणि नाकातून आल्यासारखा होतो.

ते उलट्या फेजमध्ये आहेत, म्हणजे एकाचा सिग्नल दुसऱ्याचा बराचसा खोडतो. निरनिराळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र लावले की असं होतं. मीटर किलोओहमवर ठेवून खांबांवर स्क्रू ड्रायव्हरची पाती ठेवा आणि पटकन उचला. आकडा क्षणभर वर किंवा खाली उडी मारतो. सगळ्या पिकअपची उडी एकाच बाजूला हवी. ज्याची उलट, त्याच्या दोन वायरींची अदलाबदल करा. धातूचं झाकण असलेल्या पिकअपचं मात्र झाकण आधी वेगळ्या वायरने ग्राउंड करावं लागतं. नाहीतर झाकणच सिग्नलला जोडलं जातं आणि हात लागताच किंचाळतं.

स्ट्रॅटच्या पाच जागांपलीकडे काही मिळवता येतं का?

१९५४ च्या स्ट्रॅटला तीनच जागा होत्या. वादक स्विच मधोमध अडकवून ते मधले दोन आवाज काढायचे, आणि पाच जागांचा स्विच फेंडरने १९७७ मध्ये दिला. साध्या स्ट्रॅटवर आजही नेक आणि ब्रिज एकत्र मिळत नाहीत. त्यासाठी एक छोटा टॉगल लावून नेकचा पिकअप कधीही चालू करता येतो. पिंक फ्लॉइड बँडच्या डेव्हिड गिलमोरच्या काळ्या स्ट्रॅटवर असाच स्विच होता. पिकगार्डला एक भोक, दोन टाके, बस्स. टेलिकास्टरच्या मधल्या आवाजाची आठवण येते.

ॲक्टिव्ह पिकअप लावले तर जुने पॉट चालतील?

नाही, ईएमजी कंपनीच्या पिकअपसारख्यांना २५ के लागतात. ५०० के ठेवलात तर व्हॉल्यूम दिव्याच्या बटणासारखा वागतो. जॅक स्टिरिओ हवा, कारण बॅटरी त्यावरून चालू होते. वाजवून झालं की केबल काढायची सवय लावा, नाहीतर बॅटरी रात्रभर चालूच राहते.

वडिलांची जुनी गिटार आहे, भाग बदलावे का?

आधी पॉटच्या पाठीवरचे आकडे वाचा. अमेरिकन पॉटवर १३७ ने सुरू होणारा आकडा म्हणजे सीटीएस, पुढचे आकडे साल आणि आठवडा. १३७६६३२ म्हणजे १९६६ चा बत्तिसावा आठवडा. अशा गिटारीत टाके जितके मूळचे तितकं मोल जास्त, म्हणून फक्त सफाई करा.

एकदा एक गृहस्थ वडिलांची गिटार घेऊन आले. वडील सत्तरच्या दशकात ऑर्केस्ट्रात वाजवायचे. कुठल्याशा दुकानात पिकअप बदलताना मूळच्या पिकअपच्या वायरी बुडापाशी कापल्या होत्या आणि जुने पॉट फेकून दिले होते. मला पिकअपच्या बुडाशी उरलेल्या दोन मिलिमीटर तारेवर भिंगाखाली टाका घालावा लागला. तो वाजला, पण पॉट आणि त्यांच्या पाठीवरची तारीख गेली ती गेलीच. म्हणून जुनी असो की नवी, काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घाला, वर तारीख आणि जागा लिहा, आणि गिटारच्या केसच्या कप्प्यात ठेवा. वायरी टाक्यापाशी सोडवा, कापू नका.

मेलेला पिकअप परत गुंडाळता येतो का?

येतो. पण आधी बाहेरच्या टोकाची तार पाहा, बऱ्याचदा ती खुंटीपाशीच तुटलेली असते आणि एका टाक्याने पिकअप जिवंत होतो. स्ट्रॅटच्या पिकअपवर आठ हजारांच्या आसपास फेरे असतात, ते घरी हाताने गुंडाळणं मोठ्या चिकाटीचं काम आहे.

सगळं जोडलं, तारा चढवल्या आणि आवाजच नाही!

तारा चढवण्याआधीच तपासायचं असतं. पिकगार्डचे दोन स्क्रू लावा, केबल ॲम्पला जोडा, ॲम्पचा आवाज अगदी थोडा ठेवा आणि स्क्रू ड्रायव्हरने पिकअपच्या खांबावर हलकेच टकटक करा. पाचही जागांवर स्विच नेऊन बघा कुठला पिकअप बोलतो. कुठलाच बोलत नसेल तर जॅकच्या दोन वायरी उलट्या आहेत का, सिग्नलचा पाय तांब्याच्या पट्टीला टेकलाय का, व्हॉल्यूमचा तिसरा पाय पाठीला जोडायच्याऐवजी मधला जोडलाय का, या क्रमाने बघा. मग व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण फिरवा. तिन्ही पिकअपमधून टकटक स्वच्छ आली, व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर पूर्ण थांबली, की उरलेले स्क्रू लावा आणि सहावी तार आधी चढवा.